संगप्पांच्या मनगटावरची विश्रांती

लातूरच्या गंजगोलाई बाजारात शिवलिंगप्पा उंबरग्यांचं नळ, पाईप आणि व्हॉल्व्हचं दुकान आहे. अर्ध्या इंची तोटीपासून सहा इंची पाईपापर्यंत मागाल ते मिळतं आणि न मागता सल्ला मिळतो. वय पंचावन्न, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, पोट बेताचं, बोलणं गोड. माणूस सज्जन, यात गंजगोलाईच्या सोळाही रस्त्यांवर दुमत नाही. खोड एकच. हातात घेतलेलं काम त्यांनी आजवर कधी शेवटाला नेलेलं नाही.

वकिलीचं पहिलं वर्ष पास झाले. दुसऱ्या वर्षाची पुस्तकं आणली, ती अजून करकरीत आहेत. हार्मोनियमवर 'म'पर्यंत पोहोचले, 'प' राहिला. घराच्या दुसऱ्या मजल्याच्या सळया बारा वर्षांपासून आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि महानंदाबाई त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालतात. महानंदाबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या कधी टोमणा मारत नाहीत. पाहुणे सळयांकडे बघायला लागले की एवढंच म्हणतात, "सुरू करण्यात ह्यांचा हात कुनी धरनार न्हाई." शिवलिंगप्पांना यापेक्षा टोमणा परवडला असता.

सायकल त्यांच्या आयुष्यात दुःखाच्या दारातून आली. चार वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ सिद्धराम दुपारी जेवून दुकानातच गादीवर आडवे झाले, तोंडावर उपरणं ओढलं आणि उठले नाहीत. वय छप्पन्न. चहा घेऊन त्यांना उठवायला गेली ती स्वप्नाली, शिवलिंगप्पांची एकुलती एक लेक. तोंडावरचं उपरणं तिनं काढलं. ती तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होती. आता नांदेडला एका दवाखान्यात नोकरी करते, लोकांचे गुडघे आणि खांदे सरळ करते. भाऊ गेल्यावर डॉक्टरांनी शिवलिंगप्पांना सांगितलं की रोज अंग हलवा. त्यांनी सायकल घेतली, आणि घरच्यांनी मनातल्या मनात मुदत घातली: तीन महिने. सायकल तीन वर्षं टिकली. शिवलिंगप्पांनाच याचं सगळ्यात जास्त नवल वाटत होतं.

लातुरातल्या सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे, पहाटे पाचला निघणारा. त्याचे म्होरके आदिनाथ सर. सर क्लासमध्ये गणित शिकवतात. लातूर हे क्लासचं गाव, त्यामुळे सायकलही त्यांनी तशीच शिकवायला घेतली. रोज संध्याकाळी ग्रुपवर गुणवत्ता यादी लागते: कोण किती किलोमीटर, कोण कितवा. यंदा वेळ अमावस्या तीस डिसेंबरला आली. आमच्याकडे त्या दिवशी अख्खं शहर कुलूप लावून शेतात जेवायला जातं. नाताळची सुट्टी आणि ही सुट्टी लागून आलेली बघून सरांनी मोहीम काढली: 'अमावस्या पाचशे'. तेवीस तारखेपासून आठ दिवसांत पाचशे किलोमीटर. अमावस्येचा सूर्य मावळला की हिशोब बंद. बक्षीस काही नाही, फक्त यादीत नाव.

शिवलिंगप्पांनी नाव नोंदवलं आणि जेवताना बायकोला सांगितलं, "ह्या खेपेला पुरं करनार."

महानंदाबाईंनी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. "करा की," त्या म्हणाल्या. आवाजात विश्वासही नव्हता आणि अविश्वासही नव्हता. त्याच क्षणी त्यांनी ठरवलं की आपण आयुष्यात एक तरी गोष्ट या बाईच्या डोळ्यांदेखत पुरी करून दाखवायची.

आता घड्याळाविषयी सांगायला हवं. गेल्या दिवाळीत स्वप्नालीनं पहिल्या पगारवाढीतून वडलांना मनगटी घड्याळ दिलं. वेळ ते फावल्या वेळात दाखवायचं. त्याचं खरं काम नाडी मोजणं, झोप मोजणं आणि शरीरावर किती भार पडला याचा आकडा काढणं. त्याला स्वतःचं सिम होतं, त्यामुळे सगळी माहिती परस्पर नांदेडला स्वप्नालीच्या फोनवर जायची. किलोमीटर मात्र शिवलिंगप्पांच्या फोनवर मोजले जायचे आणि ते ग्रुपवर. म्हणजे पाय किती फिरले ते आदिनाथ सरांना कळायचं, आणि काळजाचं काय झालं ते लेकीला. या दोघांची आपसात ओळख नव्हती, हे शिवलिंगप्पांचं नशीब.

सरांचं वेळापत्रक साधं होतं: रोज बासष्ट-त्रेसष्ट, दमानं. पण पहिल्याच पहाटे शिवलिंगप्पांना चेव आला. पूजा उरकली, कारण लिंगपूजेशिवाय ते पाण्यालाही शिवत नाहीत, आणि औशाच्या रस्त्याला लागले ते एक्क्याऐंशी किलोमीटर करूनच परतले. यादीत तिसरे. दुसऱ्या दिवशी चौऱ्याहत्तर, तिसऱ्या दिवशी सत्तर. चौथ्या दिवशी सहासष्ट झाले, पण घरी आल्यावर सायकलवरून उतरायला दोन माणसं लागली. एकूण दोनशे एक्क्याण्णव.

त्या दिवशी दुकानात त्यांनी पाऊण इंची एल्बो मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दीड इंची दिला, दुसऱ्याला सुटे पैसे देता देता डोळा लागला, आणि दुकानाची एक पायरी चढताना पोटरीत असा गोळा आला की त्यांनी शेजारच्या संगप्पांच्या गळ्यात पडून शंकराचं नाव घेतलं. रात्रभर गाढ झोपूनही सकाळी नाडी चौऱ्याहत्तर. एरवी बासष्ट असायची. घड्याळानं भाराच्या आकड्याखाली लाल अक्षरांत लिहिलं: 'अति'.

संध्याकाळी नांदेडहून फोन आला.

"आप्पा, काय करलालाव तुमी?" स्वप्नालीनं सरळच सुरुवात केली. "चार दिवसांत महिन्याचा भार घातलाव अंगावर. पाय दुखतात का?"

"न्हाई गं. जरा ताठलेत."

"उद्यापासून सायकल बंद. तीन दिवस पूर्ण विश्रांती. अमावस्येला शेतात गाडीत बसून जायचं. मी हितून बघतेय, फसवायचं न्हाई."

"हाव," शिवलिंगप्पा म्हणाले. लेकीपुढं त्यांचं तोंड उघडत नसे. पण फोन ठेवल्यावर त्यांनी गणित मांडलं. दोनशे एक्क्याण्णवला थांबायचं म्हणजे वकिलीच्या दुसऱ्या वर्षालाच थांबायचं.

इथे संगप्पा पुढे येतात. संगप्पांचं दुकान दोरखंड, सुतळी, झाडू आणि घोंगड्यांचं. तीस वर्षांचा शेजार. लातुरात त्यांच्याइतका संथ माणूस शोधून सापडणार नाही. सकाळी गादीवर बसले की जेवायलाच उठतात, आणि जेवून आले की निजायला बसतात. गिऱ्हाइकानं झाडू मागितला तर बोटानं कोपरा दाखवतात आणि पैसेही त्यालाच गल्ल्यात टाकायला सांगतात. त्यांना घाई झालेली कुणी पाहिली नव्हती.

त्याच रात्री शिवलिंगप्पांनी ते घड्याळ संगप्पांच्या मनगटावर चढवलं आणि पहाटे पंचेचाळीस किलोमीटर करून आले. सकाळी दुकान उघडण्याआधी फक्त पट्टा एक भोक सैल केला.

"मला करायचं काय?" संगप्पांनी विचारलं.

"काईच न्हाई. तुमी रोज करता तेच."

"मंग जमतंय," संगप्पा म्हणाले आणि लवंडले.

तीन दिवस हा कारभार चालला. पहाटे शिवलिंगप्पा रेणापूरच्या वाटेनं पाय मारायचे आणि त्यांची विश्रांती संगप्पांच्या मनगटावर घोरत पडायची. नांदेडला आनंदाचं भरतं आलं. नाडी एक्कावन्न. झोप साडेनऊ तास. दिवसाची पावलं दोनशे बारा. भाराचा आकडा लालवरून हिरव्यावर आला. स्वप्नालीनं आपल्या दोन पेशंटांना तो आलेख दाखवला आणि सांगितलं की बघा, पंचावन्न वर्षांचा माणूस, ऐकलं तर शरीर कसं सुधारतं.

संगप्पांनाही ही नोकरी चढली. आयुष्यात कुणी त्यांच्या निजण्याचं कौतुक केलं नव्हतं. आता ते गिऱ्हाइकाला हात पुढे करून दाखवायचे, "एक्कावन्न हाय. उत्तममधी येतंय." जेवायला उठण्याआधी ते घड्याळाकडे बघायचे, उगाच आकडा बिघडायला नको म्हणून जरा थांबायचे. घरी बायकोनं दळण आणायला सांगितलं तर म्हणाले, उंबरग्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

महानंदाबाईंनी दुसऱ्याच दिवशी ते घड्याळ संगप्पांच्या हातात पाहिलं. घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी हून काई सांगनार न्हाई. पन पोरीनं इचारलं तर खोटं बोलनार न्हाई." शिवलिंगप्पांनी मान हलवली. पोरीनं विचारलंच नाही, कारण तिला संशयच आला नाही.

सातव्या दिवशी रात्री तिचा फोन आला. "आप्पा, पहिल्यांदा ऐकलं तुमी माझं. मला किती हलकं वाटलालंय सांगू. काका गेल्यापासून धास्ती वाटते. हे घड्याळ दिल्यापासून रोज सकाळी उठले की आधी तुमची नाडी बघते, मग ब्रश करते."

शिवलिंगप्पा त्या सकाळी चाळीस किलोमीटर करून आले होते. मांड्या आतून थरथरत होत्या. सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण फोनवर चारशे अठरा किलोमीटर दिसत होते आणि एकच दिवस उरला होता. "तू जेवलीस का?" त्यांनी विचारलं, आणि स्वतःची त्यांना लाज वाटली.

अमावस्या उजाडली. उंबरग्यांचं शेत नांदेड रस्त्यावर, चाकूरच्या अलीकडे, लातूरपासून बत्तीस किलोमीटरवर. महानंदाबाई शेंगाभाज्यांच्या भज्जीचं पातेलं, आंबिलीची मडकी, बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि संगप्पा असं सगळं सामान टेंपोत घालून निघाल्या. संगप्पांनी आपलं शेत मागंच विकलेलं. अमावस्येला ते दर वर्षी उंबरग्यांकडेच येत. शिवलिंगप्पा पहाटेच सायकलवर निघाले. शेतापर्यंत बत्तीस, मग पुढे शिरूर ताजबंदच्या बाजूला जाऊन येऊन सेहेचाळीस. म्हणजे होणार चारशे शहाण्णव. उरलेले चार त्यांनी मुद्दाम राखून ठेवायचे ठरवले. शेतापासून फाट्यापर्यंतची पांद, म्हणजे गाडीवाट, अर्धा किलोमीटरची. सूर्य कलल्यावर तिथे चार फेऱ्या मारायच्या, सगळ्यांदेखत, आणि पाचशेवा किलोमीटर महानंदाबाईंच्या समोर संपवायचा. बारीक ताप होता अंगात, पण बेत पक्का होता.

शेतात त्यांनी सायकल टेकवली, कडब्याच्या कोपीत मांडलेल्या पाच दगडांच्या पांडवांना हात जोडले आणि म्हणाले, "पूजेच्या टायमाला येतो." महानंदाबाईंनी सूर्याकडे बघितलं. "अकरा वाजता पूजा हाय. शेताला फेरी तुमाला मारायचीय, ध्यानात ठिवा."

पण वेळ अमावस्येच्या दिवशी आमच्या रस्त्यांवर कुणाला सरळ जाऊ देत नाहीत. दर शेतात चूल पेटलेली, दर झाडाखाली पंगत, आणि वाटेनं जाणारा ओळखीचा असो की परका, त्याला हाक पडतेच. नको म्हणणं म्हणजे त्या घराच्या अन्नाला नको म्हणणं. त्यातून शिवलिंगप्पा पाईपवाले. शिरूरपर्यंतच्या निम्म्या विहिरींना त्यांचाच पाईप.

"ओ आप्पा, सायकल थांबवा. जेवल्याबिगर जाऊ देनार न्हाई."

"घाई हाय हो."

"अमावस्येला कसली घाई? घ्या, तांब्याभर आंबील तरी घ्या."

ती आंबील म्हणजे ताक, ज्वारीचं पीठ, लसूण आणि एका रात्रीची आंबट झोप. पहिल्या शेतात तांब्याभर. दुसऱ्यात भज्जी आणि उंडा. तिसऱ्या शेतातल्या मालकानं दोन वर्षांपूर्वीचा गळका व्हॉल्व्ह आठवणीनं काढला, त्यामुळे तिथे भरपाई म्हणून खीर दोनदा खावी लागली. बारा वाजता ते शिरूरच्या अलीकडे होते आणि पूजेला पोहोचण्याची आशा संपली होती.

तिकडे महानंदाबाईंनी साडेबारापर्यंत वाट बघितली. पूजा उरकली, पण पिकावर आंबील शिंपत शेताला फेरी घातल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि फेरी पुरुषानं घालायची. समोर पुरुष एकच होता, तोही बांधाला टेकलेला. त्यांनी आंबिलीची घागर संगप्पांच्या हातात दिली.

"पळत घालायची असती, वैनी," संगप्पा कळवळून म्हणाले.

"तर मंग पळा."

आणि संगप्पा पळाले. सहा एकर हरभरा आणि ज्वारी, ढेकळं, वर डिसेंबरचं ऊन, एका काखेत घागर, दुसऱ्या हातानं शिंपणं, आणि तोंडानं फेरीची आरोळी, 'ओलगे ओलगे, सालम पोलगे'. तीस वर्षांत न केलेली हालचाल त्यांनी वीस मिनिटांत केली. एक्कावन्नची नाडी एकशे बहात्तरवर गेली. घड्याळानं त्याचं कर्तव्य केलं आणि नांदेडला धोक्याचा इशारा पाठवला.

स्वप्नालीनं वडलांना फोन लावला. शिवलिंगप्पा तेव्हा चढावर होते, भात्यासारखा श्वास चाललेला. स्क्रीनवर लेकीचं नाव दिसलं. उचलला तर धापेवरून ओळखेल, म्हणून उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा ते एका पंगतीत होते आणि तोंडात उंडा होता. मग त्यांनी डोकं चालवलं. पोरगी काळजी करेल म्हणून बोटानं मेसेज लिहिला: 'आराम चालू आहे. आडवा पडलोय. नंतर बोलू.' फोन खिशात घातला आणि चिंचेखाली खरोखरच आडवे झाले. आंबिलीनं पाच मिनिटांत घेरलं. पुढचे सहा फोन त्यांनी ऐकलेच नाहीत.

नांदेडला तो मेसेज कसा वाचला गेला असेल याचा विचार त्यांना नंतर कितीतरी रात्री आला. माणूस म्हणतो आडवा पडलोय, आणि नाडी एकशे बहात्तर. मग फोन उचलत नाही. आईचा फोन पिशवीत, पिशवी कोपीत.

चिंचेखालून उठायला तीन वाजले. डोकं जड, पोट त्याहून जड. त्यांनी सायकल वळवली आणि परतीला लागले. आता येताना कुणाकडे बघायचंच नाही, असं ठरवून ते मान खाली घालून निघाले. तरी दोन ठिकाणी शेंगा खिशात भराव्या लागल्या. पाच वाजायला आले तेव्हा शेताची पांद दिसली. फोनवर चारशे शहाण्णव. सूर्य अजून दोन कासरे वर होता. चार फेऱ्या म्हणजे फार तर पंधरा मिनिटं. थकवा पळाला. शिवलिंगप्पा मनातल्या मनात हसले.

पांदीच्या तोंडाशी पांढरी गाडी उभी होती. नांदेडचा नंबर. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडंच राहिलं होतं.

हरभऱ्याच्या वावरातून एक सरळ पट्टा तुडवलेला दिसत होता, आंब्याच्या झाडापर्यंत. झाडाखाली सगळे जमले होते. महानंदाबाई चार पावलं पुढे आल्या आणि हळू आवाजात त्यांनी नवऱ्याला सांगितलं काय झालं ते. संगप्पा फेरी घालून आले, जेवले आणि झाडाखाली आडवे झाले. ऊन लागू नये म्हणून तोंडावर उपरणं घेतलं. हात पसरलेला, मनगटावर घड्याळ. पोरगी गाडीतून उतरली, लांबून तिनं ते बघितलं आणि पिकातून पळत सुटली. झाडापाशी येऊन ती उभी राहिली. उपरण्याला हात लावायचं तिचं धाडस होईना.

"मग?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"मंग संगप्पा घोरले," महानंदाबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हसायला लागले होते, आणि दोन्ही त्यांना आवरत नव्हतं.

शिवलिंगप्पांनी सायकल तिथेच बांधावर आडवी टाकली. संगप्पा शेळीसारखे गरीब होऊन बसले होते. "म्या पळत न्हाई म्हनत होतो, वैनींनी पळवलं," ते म्हणाले. 

स्वप्नाली कोपीजवळ बसली होती. वडलांना बघून उठली. त्यांना वाटलं ती ओरडेल, आणि ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण त्यांच्या हाताला धरून तिनं त्यांना खाली बसवलं, दोन बोटं मनगटावर ठेवली आणि नाडी मोजायला लागली. एक मिनिट झालं. तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजली. बोटं गार होती.

"चुकलं माझं," शिवलिंगप्पा म्हणाले. "तुला फसवलं म्या. तीन दिवस."

"ताप हाय तुम्हाला," ती म्हणाली. "किती झाले?"

"काय?"

"किलोमीटर."

"चारशे शहाण्णव."

तेवढ्यात फोन वाजला. ग्रुपवर आदिनाथ सरांचा निरोप होता: 'आप्पा, सूर्यास्ताला चाळीस मिनिटं. फक्त चार. सगळे वाट बघताहेत.'

महानंदाबाईंनी तो वाचला. चुलीवर दुधाचं बुडकुलं चढवता चढवता त्या थांबल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "जावा की. हळू जावा. चारच तर ऱ्हायलेत." लग्नाला तीस वर्षं झाली होती, त्यांनी नवऱ्याला कधी काही पुरं करायला सांगितलं नव्हतं. हे पहिल्यांदाच सांगत होत्या, आणि मनापासून सांगत होत्या. शिवलिंगप्पांना ते कळलं.

"जावा आप्पा," स्वप्नालीही म्हणाली. "चारनं काई होत न्हाई. सावकाश मारा. मी फाट्यावर उभी ऱ्हाते."

शिवलिंगप्पांनी उठण्यासाठी एक हात जमिनीला टेकला. दुसरा हात सुटेना. जावा म्हणून झालं होतं, मान हलवून झाली होती, पण लेकीची दोन बोटं त्यांच्या नाडीवर तशीच घट्ट होती. सोडायचं तिच्या ध्यानातच नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, तिचे ओठ हलत होते. ती अजून मोजत होती.

शिवलिंगप्पांनी जमिनीला टेकलेला हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

"बसू जरा," ते म्हणाले.

सूर्य खाली गेला. महानंदाबाईंनी दूध उतू घातलं. ते पूर्वेला सांडलं आणि त्या बाजूचं पीक चांगलं येणार असं संगप्पांनी जाहीर केलं. फोन दोनदा वाजून गप्प झाला. शिवलिंगप्पा हलले नाहीत. बऱ्याच वेळानं स्वप्नालीनं मान त्यांच्या खांद्याला टेकली.

यादी लागली. सतरा जणांचे पाचशे पूर्ण, शिवलिंग उंबरगे चारशे शहाण्णव, क्रमांक अठरा. दुसऱ्या दिवशी आदिनाथ सर मुद्दाम दुकानात आले. त्यांना ते चार किलोमीटर स्वतःचेच गेल्यासारखे लागले होते. ज्यांचे दोनशे राहिले त्यांनी आंबील, पाहुणे, पंक्चर अशी कारणं दिली होती, ती त्यांनी समजून घेतली होती. पण चार?

"आप्पा, चाळीस मिनिटं होती हातात. पंधरा मिनिटांचं काम होतं," सर म्हणाले. "का हो सोडलं?"

"लेक आली होती," शिवलिंगप्पा म्हणाले, आणि गिऱ्हाइकाला पाऊण इंची एल्बो काढून दिला.